बर्फातला एकटा ओक

रानात झाडं पुष्कळ असतात, पण एक झाड म्हणून ते डोळ्यांत भरायला भोवतीचं सारं पुसट व्हावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत १९४८ साली हिमवर्षावाने ते काम केलं आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने एक ओक टिपला. मागचं रान धूसर, फांदीफांदीवर बर्फ. या छायाचित्रापाशी मी नेहमी थबकतो.

अ‍ॅडम्स १९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. १९०६ च्या भूकंपात पडून त्याचं नाक मोडलं, ते जन्मभर वाकडंच राहिलं. शाळेत मन रमेना, म्हणून वडिलांनी बाराव्या वर्षी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवलं. पोरगा पियानोला चिकटला. १९१६ साली घरच्यांबरोबर योसेमिटीला गेला, तिथे हाती साधा ब्राउनी कॅमेरा आला. पियानो की कॅमेरा, याचा निकाल लागायला मात्र १९३० साल उजाडलं.

पियानो सुटला, रियाझाची सवय सुटली नाही. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानी. बर्फ टिपणं मोठं कठीण. प्रकाशमापकाला सगळं जग राखाडीच वाटतं, त्यामुळे शुभ्र बर्फ चित्रात मळका उतरतो. अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरच्या साथीने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या आखल्या. बर्फ कोणत्या पायरीवर बसवायचा, हे खटका दाबण्याआधीच ठरे.

इतका काटेकोर माणूस, पण चित्रांच्या तारखा टिपून ठेवण्यात अगदी गलथान! कागदोकागदी तारखेचे शिक्के मारण्यात बँकेतली वर्षं घालवलेल्या मला याची गंमत वाटते.

१९३७ साली डार्करूमला लागलेल्या आगीत त्याच्या कितीतरी निगेटिव्ह जळाल्या. झाडं तरी कुठे टिकतात? सेंटिनेल डोमच्या उघड्या खडकावरचा एकाकी जेफ्री पाइन त्याने १९४० साली टिपला. १९७६-७७ च्या दुष्काळात लोकांनी बादल्यांनी पाणी घातलं, तरी तो वाळला आणि २००३ साली कोसळला. अ‍ॅडम्स १९८४ सालीच गेला होता.

मग या खटाटोपातून उरलं काय? सिएरा नेवाडाच्या छायाचित्रांचं त्याचं १९३८ चं पुस्तक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोचलं आणि १९४० साली किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. त्यात इतरांचे कष्ट होतेच, पण या चित्रांचाही वाटा होता. छायाचित्राने ते झाड वाचत नाही, हे खरं. त्याच्यामागचं रान मात्र कधी कधी वाचतं.