धुळ्याचा तुरुंग आणि गीतेचा सहावा अध्याय



आजच्या वाचनात गीतेचा सहावा अध्याय आला. अर्जुन त्यात कृष्णाला सरळ सांगून टाकतो की हे मन काही माझ्याच्यानं आवरत नाही, वाऱ्याला धरून ठेवावं तसं ते अवघड आहे. वाचून मला जरा हायसंच वाटलं. काल रात्री मी दहा मिनिटं डोळे मिटून बसलो होतो. तोंडात नाम आणि डोक्यात दुपारचं एक भांडण: तो असं का बोलला, मी गप्प का बसलो... शेवटी उठलो आणि मोबाईल हातात घेतला. तुमचंही असं होतं ना?

हा अध्याय आपल्या खानदेशात ज्यांनी समजावून सांगितला, त्या विनोबांचं मनही तरुणपणी असंच दोन दिशांना ओढ घेत होतं. 1895 साली कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला हा मुलगा गणितात हुशार. पण एक ओढ हिमालयाकडे, शांतीसाठी. दुसरी बंगालकडे, क्रांतीसाठी. त्यांनी शाळेची सर्टिफिकेटं आईसमोर चुलीत जाळली. मार्च 1916 मध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघाले, ते सुरतेलाच उतरून काशीला गेले. तेव्हा वय होतं वीस! पुढे 7 जूनला कोचरब आश्रमात गांधीजी भेटले आणि दोन्ही ओढी एकाच जागी येऊन थांबल्या.

1932 मध्ये सत्याग्रही म्हणून ते धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार ते गीतेवर बोलले. समोर कैदी बसलेले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेले साने गुरुजी भराभर लिहून घेत होते, म्हणून तर 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. सहावा अध्याय आला 27 मार्चला. विचार करा, बाहेर लढा चाललेला, घरची खबर नाही, आणि अशा माणसांना ते ध्यान सांगत होते!

त्यांनी तीन गोष्टी धरल्या: चित्ताची एकाग्रता, मोजकं आणि नेमस्त जगणं, आणि सगळ्यांकडे समान नजर. सोबत अभ्यास आणि वैराग्य. मला यातली मधली गोष्ट लागली. दिवसभर खाणं, बोलणं, बघणं सगळं सैल सोडायचं आणि रात्री दहा मिनिटांत मनानं शांत व्हावं म्हणायचं, हे जमणार कसं? आसनावर बसल्यावर मन पळतं, कारण दिवसभर आपण त्याला पळायलाच शिकवलेलं असतं.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सांगितल्यावर सहा वर्षांनी विनोबा स्वतःच खचले. आश्रमाच्या कामांचा भार, वजन उतरून 88 पौंड, म्हणजे जेमतेम 40 किलो. गांधीजींनी विश्रांती घ्यायला सांगितली. ते वर्ध्याजवळ पवनारला निघाले. मोटार धाम नदीच्या पुलावरून जाताना त्यांनी मनातल्या मनात सगळ्या कामांची ओझी तिथेच सोडून दिली. तिथे रोज थोडा वेळ शेतात खणायचं आणि बाकीचा वेळ चिंतन मोकळं ठेवायचं, एवढंच. काही महिन्यांत शरीर भरून आलं.

ज्यानं हा अध्याय शिकवला, त्यालाही बेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा गिरवावा लागला. मग काल माझं मन पळालं म्हणून मी इतकं मनाला का लावून घ्यावं? कृष्णानंही अर्जुनाला रागावलं नाही. मन अवघड आहे हे मान्य केलं आणि मग अभ्यासाची वाट दाखवली.

आजची साधना: बसण्याआधी दिवसातली एक गोष्ट कमी करा. जेवताना फोन नको, किंवा एक वाद मुद्दाम सोडून द्या. मग दहा मिनिटं बसा. मन पळालं तर हळूच नामावर आणा, पुन्हा पळालं तर पुन्हा आणा. चिडू नका. मीही आज हेच करणार आहे.

राम कृष्ण हरी 🙏