हॅस्केल करी
गणितज्ञ हॅस्केल करी यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत झाला. एका मूल्यावरून दुसरे मूल्य ठरवणारा नियम म्हणजे फलन. चलाक्षरांवाचून, केवळ फलनांच्या जोडणीतून तर्कशास्त्र उभारण्याचा ध्यास त्यांनी आयुष्यभर घेतला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकभाषेला 'हॅस्केल' हे त्यांचे नाव देण्यात आले. या भाषेतील फलन फक्त उत्तर काढते; बाहेरचे काहीही बदलत नाही. परंतु पडद्यावर अक्षरे उमटवणे हा बाहेरचाच बदल होय. तो टाळल्यास उत्तर कोणाला दिसणार? १९९६ च्या आवृत्तीत या पेचावर तोडगा स्वीकारण्यात आला. फलन छापण्याची आज्ञा केवळ रचते. ती पाळण्याचे काम यंत्रणा करते. अशा रीतीने फलनांची शुद्धता राखूनही करी यांच्या नावाची भाषा व्यवहारोपयोगी ठरली.