एका सुतात दोन चाकं

मैत्रिणींनो, ८ मार्च म्हटलं की आपल्याला महिला दिन आठवतो. सत्कार, भाषणं, गुलाबाची फुलं. याच तारखेला, १९०९ साली, इंग्लंडमधल्या वॉटरलूव्हिल नावाच्या लहानशा गावात एका मुलीचा जन्म झाला. तिचं नाव बिअ‍ॅट्रिस शिलिंग. ओळखीची माणसं तिला टिली म्हणायची. वडील खाटीक. घरात इंजिनिअर कुणी नाही. पण या मुलीला बाहुल्यांपेक्षा नट-बोल्टच जास्त आवडायचे. मेकॅनोचे पत्र्याचे तुकडे जोडून काहीबाही बनवायचं आणि खाऊच्या पैशांतून पाने, पकडी विकत घ्यायच्या, हा तिचा छंद.

चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटरसायकल घेतली. कोणती, ठाऊक आहे? रॉयल एनफिल्ड! आपल्या रस्त्यांवर जिची धडधड दुरून ओळखू येते, त्याच नावाची. नुसती चालवून तिचं समाधान होईना. गाडी खोलायची, आत काय आहे ते बघायचं आणि पुन्हा जोडायची. इंजिनिअर व्हायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही मुलीने असं म्हणणं सोपं नव्हतं. तिला हात दिला तो एका बाईनेच. मार्गारेट पार्ट्रिज ही स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तिची स्वतःची कंपनी होती. खेडोपाडी वीज पोहोचवायची, जनरेटर बसवायचे, घरांत वायरिंग करायचं, असं काम. टिलीने तिच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी केली. मग पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढे शिकायला लावलं. १९२९ साली टिली मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाली. १९३२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि वर्षभर थांबून मेकॅनिकलची एम.एस्सी.ही केली.

याच काळात तिला शर्यतींचा नाद लागला. तिच्याकडे नॉर्टन कंपनीची ५०० सीसीची गाडी होती. ती गाडी टिली स्वतःच्या हातांनी जुळवायची, सुधारायची आणि शर्यतीत उतरवायची.

आता जरा गाडीच्या मागच्या चाकाबद्दल बोलूया. त्याशिवाय टिलीचं मोठेपण नीट कळायचं नाही.

मोटरसायकलचं मागचं चाक चेनने फिरतं. चेन वापरून सैल पडते. मग चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट ढिला करून चाक थोडं मागे सरकवायचं, की चेन पुन्हा ताणली जाते. त्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. गंमत इथेच आहे. उजवीकडचा स्क्रू थोडा जास्त फिरला आणि डावीकडचा कमी, तर चाक तिरकं बसतं. डोळ्यांना दिसतही नाही, पण गाडीला कळतं. मागचं चाक एका दिशेला, पुढचं दुसऱ्या दिशेला. गाडी एका बाजूला ओढते, चेन स्प्रॉकेटच्या दातांवर वाकडी चालते, दात एकाच अंगाने झिजतात, टायरही एका बाजूने खाल्लं जातं. रोजच्या रस्त्यावर हा त्रास हळूहळू जाणवतो. शर्यतीच्या वेगाला मात्र जिवाशी खेळ.

तपासायचं कसं? गवंडीदादा भिंत सरळ आहे का ते सूत लावून बघतात ना, अगदी तसंच. गाडी सरळ उभी करायची, हँडल सरळ ठेवायचं. एक लांब दोरा मागच्या टायरला पाठीमागून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून न्यायचा. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, मध्ये स्टँड किंवा दुसरं काही आडवं येणार नाही असा. दोन्हीकडचा दोरा मागच्या टायरच्या पाठच्या कडेला आणि पुढच्या कडेला, अशा दोन जागी जेमतेम टेकला पाहिजे. पुढचं टायर बहुतेक गाड्यांत थोडं अरुंद असतं, त्यामुळे तिथे दोरा टायरपासून सुटा राहतो. ही फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी दिसली, की दोन्ही चाकं एका सुतात. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी दिसली, तर स्क्रू थोडा थोडा फिरवून मागचं चाक सरळ करायचं. मग नट घट्ट आवळायचा आणि पुन्हा एकदा सूत लावून बघायचं, कारण आवळताना चाक हमखास हलतं.

टिलीच्या काळी तर हे सगळं नजरेने आणि हातानेच करावं लागे. शर्यतीची गाडी असली की मिलिमीटरचा फरकही महागात पडणारा. हिशेब चुकला तर दोष द्यायला दुसरा मेकॅनिक नाही, कारण मेकॅनिकही तीच.

लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा ट्रॅक होता. काँक्रीटचा, खडबडीत, वळणांवर भिंतीसारखा चढत गेलेला. शर्यतीत तिथे ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने फेरा मारणाऱ्याला सोन्याचा तारा मिळायचा. १९३४ साली टिलीने ताशी १०६ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर वेगाने फेरा पूर्ण केला आणि तो तारा मिळवला. ब्रुकलँड्सच्या सगळ्या इतिहासात मोटरसायकलवर हा मान फक्त तीन स्त्रियांना मिळाला. शर्यतींत तिने नाणावलेल्या पुरुष स्पर्धकांनाही मागे टाकलं.

१९३६ मध्ये तिला फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत नोकरी लागली. तिथेच जॉर्ज नेलर भेटला. त्यानेही सोन्याचा तारा मिळवल्याशिवाय लग्न करणार नाही, अशी अट तिने घातली होती म्हणतात. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण जॉर्जने तारा मिळवला हे खरं आणि १९३८ मध्ये दोघांचं लग्न झालं हेही खरं!

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन नावाचं जबरदस्त इंजिन होतं. पण त्यात एक खोट होती. वैमानिकाने विमानाचं नाक झटकन खाली केलं, की कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं. आधी इंजिनला पेट्रोल कमी पडायचं, मग एकदम जास्त यायचं आणि इंजिन गुदमरायचं. जर्मन विमानांत पेट्रोल वेगळ्या पद्धतीने जायचं, त्यामुळे त्यांना हा त्रास नव्हता. ते सूर मारून निसटायचे, नाहीतर पाठीवर यायचे. त्या दोन-चार सेकंदांत कित्येक तरुण पोरांचा जीव टांगणीला लागायचा.

टिलीने शोधलेला उपाय इवलासा होता. मधोमध भोक असलेला धातूचा एक छोटा तुकडा. भोक नेमकं एवढंच, की इंजिनला पूर्ण ताकदीला लागतं तेवढंच पेट्रोल जाईल, पूर येणार नाही. तो बसवायला विमानातून इंजिन काढावंही लागत नसे. १९४१ च्या मार्चपर्यंत हे तुकडे विमानांना बसू लागले. ते बसवायला टिली आपल्या छोट्या तुकडीबरोबर हवाई दलाच्या तळांवर हिंडली, आणि जायची कशावर? आपल्या त्याच नॉर्टनवर! पुढे नवे कार्बोरेटर आले, पण तोवर या चकतीनेच काम भागवलं. वैमानिकांनी त्या चकतीला टिलीचं नाव जोडून जरा चावट टोपणनाव दिलं होतं. पण त्या चकतीने त्यांचा जीव वाचतो, हे त्यांनाही पक्कं माहीत होतं.

कोणतंही भलंमोठं यंत्र नाही, नुसतं योग्य मापाचं एक भोक. मला वाटतं, ज्या हातांनी वर्षानुवर्षं गाडी जुळवताना केसभर फरकाचं मोल ओळखलं, त्याच हातांना हे सुचलं.

युद्धानंतर तिला ओबीई हा किताब मिळाला. ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात, यावरही तिने काम केलं. नवरा-बायको मोटारींच्या शर्यतींत उतरले. १९६९ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच वर्षी सरे विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. १८ नोव्हेंबर १९९० ला वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी ती गेली.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी आज गाडी चालवतात. शाळेत, बँकेत, शेतावर, मुलांना क्लासला सोडायला. पण गाडी जरा ओढायला लागली की आपण ती नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हवाली करतो. गॅरेजमध्येही मेकॅनिक आपल्याशी न बोलता सोबतच्या पुरुषाशीच बोलतो. बिनगिअरच्या स्कूटरला चेन नसते, त्यामुळे हे सूत लावायची वेळ तिथे येत नाही. पण घरात मोटरसायकल असेल तर येत्या रविवारी एक दोरा घेऊन अंगणात उतरा. लेकीलाही बोलवा. एक टोक तिच्या हातात द्या. पाना हातात घ्यायचा धीर झाला नाही तर राहू दे, नुसती फट मोजून बघा. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात की चाक तिरकं आहे हे तुम्हीच सांगाल, आणि मेकॅनिकला तुमच्याशी बोलावं लागेल.