आधी खराटा, मग कीर्तन

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजी जानोरकर यांचे वडील दारूपायी गेले. पुढे मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत ठरलेलीच. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले. १९०५ मध्ये घर सुटले आणि अंगावर चिंध्या, हाती खराटा असे ते गाडगेबाबा झाले.

गावात शिरले की ते आधी उकिरडा, गटार साफ करायला लागत. बघणारे ओशाळत, मग काही जण हात लावत. उपदेश रात्रीचा, तोही कीर्तनातून. दारू, कर्ज, नवसाचे बोकड यांवर ते साधे प्रश्न टाकत आणि उत्तर गर्दीच्याच तोंडून वदवून घेत. चारचौघांत स्वतः दिलेला शब्द मोडणे जड जाते, हे आजचे वर्तनशास्त्र सांगते. बाबांना तर अक्षरओळखही नव्हती. यात्रेकरूंना नुसते स्वच्छतेचे धडे देऊन भागत नाही, हेही त्यांना कळत होते. म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या.

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर त्यांचे निधन झाले. २०००-०१ मध्ये राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातले बक्षीस अख्ख्या गावाचे.