नऊ एक आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

नऊ वेळा एक लिहावा आणि त्या संख्येस तिनेच गुणावे. उत्तर सतरा अंकी येते : १२३४५६७८९८७६५४३२१. उजवीकडून वाचा वा डावीकडून, संख्या तीच. लीलावतीतील परार्धाचे अठरावे स्थान तिला अवघे एक घर दूर राहते. ही संख्या दिसली की मला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात. असल्या संख्यांच्या नादात या मास्तरांनी जन्म वेचला.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे शौकीन; त्या आकडेमोडीतून मुलास अंकांची गोडी लागली. शाळा ठाण्यास, कॉलेज पुण्यास फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली पदवी. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शाळेत शिकवले.

मुंबईपासून तीस मैलांवर, जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनावर त्यांना १२१, १२३२१ अशा संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी त्यांस डेमलो संख्या म्हटले. यात गूढ काही नाही. मी कागदावर गुणाकार मांडला. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या घरांत एक, दोन, तीन असे वाढत मधोमध नऊ एक जमतात व तसेच ओसरतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा भरतात, हातचा येतो आणि सारा डौल मोडतो.

आणखी एक मौज. या संख्येतील अंकांची बेरीज ८१. नऊ एकांची बेरीज ९, तिचा वर्गही ८१. शिवाय ८१ ने संख्येस निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले होते.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा चमत्कार मांडला. कोणतेही चार अंक घ्या, सर्व सारखे मात्र नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करीत राहा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते.

आपल्याकडील अनेक गणिती या कामास हसले. पोरखेळ, असे त्यांस वाटे. निवृत्तीनंतर वेतन अपुरे पडे, म्हणून मास्तरांनी शिकवण्या केल्या. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगास त्यांचे नाव कळले. १९८६ साली देवळालीसच ते वारले.

शाळकरी मुलास पडताळता येते एवढ्यावरून एखादे गणित हलके ठरत नाही, असे मला वाटते. आपल्या घरातल्या मुलास आज चार अंक द्या, आणि वजाबाकी त्यालाच करू द्या.