नाट्याचार्य खाडिलकर

इ. स. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या अधिपतींपुढे सीतास्वयंवराचा खेळ केला आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. त्याच सांगलीत नोव्हेंबर १८७२ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्म झाला. नाटकाच्या बळावर परकीय सत्तेच्या मनात धडकी भरविणारा नाटककार म्हणून पुढे त्यांची कीर्ती झाली. लोक त्यांना आदराने काकासाहेब म्हणत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इ. स. १८९२ मध्ये ते बी. ए. झाले. विद्यार्थिदशेपासूनच शेक्सपिअरच्या शोकान्त नाटकांनी त्यांच्या मनाची पकड घेतली होती. इ. स. १८९३ च्या सुमारास, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे ऐतिहासिक नाटक लिहिले. त्यानंतर ‘कांचनगडची मोहना’ हे नाटक १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच सुमारास त्यांच्या लेखणीचे तेज लोकमान्य टिळकांच्या नजरेस पडले आणि ‘केसरी’च्या लेखकवर्गात त्यांना स्थान मिळाले. गुरू लाभला तो असा! तेव्हापासून त्यांचे जीवित आणि देशकार्य ही दोन राहिली नाहीत.

खाडिलकर नुसते लेखणीचे शूर नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते नेपाळात जाऊन राहिले. तेथे त्यांनी कौलांचा कारखाना काढला. परंतु कौले हे केवळ निमित्त होते. देशाच्या मुक्ततेसाठी शस्त्रे तयार करता यावीत, हा त्यामागील गुप्त हेतू होता. तो सफल झाला नाही. खाडिलकर महाराष्ट्रात परतले आणि त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली.

नाटक हेही एक शस्त्र होऊ शकते, हे या देशात पूर्वीच दिसून आले होते. इ. स. १८५९ मध्ये बंगालमधील शेतकऱ्यांनी निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांच्या जुलमाविरुद्ध बंड पुकारले. दुसऱ्याच वर्षी दीनबंधु मित्र यांनी ‘नीलदर्पण’ नाटक लिहून तो जुलूम चव्हाट्यावर मांडला. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्यास एक महिन्याचा कारावास व एक हजार रुपये दंड झाला. पुढे सरकारने इ. स. १८७६ मध्ये कायदा करून नाट्यप्रयोग बंद पाडण्याचा अधिकारच आपल्या हाती घेतला. उघडपणे राजकीय नाटक लिहिणे म्हणजे या कायद्याला आमंत्रण देणे होते.

इ. स. १९०५ मध्ये लॉर्ड कर्झन याने बंगालची फाळणी केली. देशभर संतापाची लाट उसळली. स्वदेशी आणि बहिष्कार यांचा पुकारा झाला. हा संताप रंगभूमीवर कसा आणावा, हा खाडिलकरांपुढील प्रश्न होता. त्यांनी त्याचे उत्तर महाभारतात शोधले. फेब्रुवारी १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले.

कथा सर्वांच्या परिचयाची होती. अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या घरी राहते; उन्मत्त कीचक तिची अभिलाषा धरतो; दुर्बळ विराट काहीच करू शकत नाही; कंकभट्ट झालेला धर्मराज सबुरीचा सल्ला देतो; आणि अखेर बल्लव झालेला भीम कीचकाचा वध करतो. या नाटकात इंग्रजांचे नाव एकदाही येत नाही. तरीही प्रेक्षकांना कीचकाच्या ठिकाणी कर्झन दिसला. सैरंध्री ही परदास्यात पिचणारी मातृभूमी झाली. धर्मराजाच्या सबुरीत त्यांनी मवाळांचे धोरण ओळखले आणि भीमाच्या आवेशात जहालांचे. पुराणकथा जुनीच राहिली, पण तिचा अर्थ नवा झाला.

प्रेक्षकांना जे उमगले, ते राज्यकर्त्यांनाही उमगल्यावाचून राहिले नाही. इ. स. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी झाली. ‘केसरी’च्या संपादनाची धुरा त्या बिकट काळात खाडिलकरांनी वाहिली. जानेवारी १९१० मध्ये सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. लंडनच्या ‘टाइम्स’चे लेखक व्हॅलेंटाइन चिरोल यांनी भारतातील असंतोषावर त्याच वर्षी जे पुस्तक लिहिले, त्यात या नाटकाची मुद्दाम दखल घेतली. एका मराठी नाटकाची चर्चा साता समुद्रांपलीकडे व्हावी, यातच त्याचे सामर्थ्य दिसून येते.

बंदीने खाडिलकर खचले नाहीत. ‘भाऊबंदकी’ नाटकात त्यांनी गृहकलहाचे दुष्परिणाम आणि रामशास्त्र्यांची निःस्पृहता बंदीपूर्वीच दाखविली होती. पुढे ते संगीत नाटकांकडे वळले. ‘मानापमान’, ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’ या नाटकांनी रसिकांना वेड लावले. ‘मानापमाना’त धनापेक्षा शौर्य श्रेष्ठ ठरते, तर ‘विद्याहरणा’त मद्यपानाने शुक्राचार्यांसारखा ज्ञानीही कसा घसरतो, हे दिसते. गाण्याच्या माधुर्यातही त्यांनी उपदेशाचे सूत्र सोडले नाही.

लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांनी मुंबईत वृत्तपत्राचे कार्य चालविले. इ. स. १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ दैनिक सुरू केले. राजद्रोहाच्या आरोपावरून इ. स. १९२९ मध्ये त्यांना कारावासही भोगावा लागला. इ. स. १९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन महाराष्ट्राने त्यांचा गौरव केला. उत्तरायुष्यात त्यांचे मन अध्यात्मचिंतनात रमले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी लेखणी झिजविली, ते आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले होते.

प्रयोगास बंदी घालता येते. परंतु प्रयोग पाहून घरी गेलेल्या माणसाच्या मनात पेटलेली ज्योत कोणत्याही कायद्याला विझविता येत नाही. खाडिलकरांनी ती ज्योत पेटविली. म्हणूनच मराठी रंगभूमीच्या आणि स्वातंत्र्यलढ्याच्या, अशा दोन्ही इतिहासांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.