तुकड्यांमागचा माणूस

सेकंड पीयूसीला ‘ओकाझाकी फ्रॅगमेंट्स’ मी दोन मार्कांसाठी पाठ केले होते. पुढे आर्ट्सला आले, पण नाव डोक्यात राहिलं. गेल्या सुट्टीत जोयड्याला घरी जुनी वही चाळताना वाटलं, हे कुणाचं तरी आडनाव असणार. मग शोधत गेले.

रेइजी ओकाझाकी 1930 साली हिरोशिमात जन्मले. 1945 च्या ऑगस्टमध्ये तिथे अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते 14 वर्षांचे होते. जीव वाचला, पण शरीराला किरणोत्सर्ग लागला. पुढे ते नागोया विद्यापीठात शिकले. 1956 साली त्यांनी त्सुनेको यांच्याशी लग्न केलं आणि दोघांनी संशोधनही जोडीनेच केलं.

त्यांच्यापुढचं कोडं असं. जिवाणूची पेशी दुभंगण्याआधी तिच्या डीएनएची नक्कल होते. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने जातात, पण नक्कल करणारं पॉलिमरेज हे एन्झाइम एकाच दिशेने काम करतं. मग दुसऱ्या धाग्याचं काय? ओकाझाकींनी ई. कोलाय जिवाणूंना फक्त काही सेकंद किरणोत्सर्गी थायमिडीन दिलं आणि नुकताच तयार झालेला डीएनए तपासला. तो छोट्या छोट्या तुकड्यांत सापडला, साधारण हजार-दोन हजार अक्षरांच्या. धागे उलगडत जातात तसं एन्झाइम दर वेळी नव्याने सुरुवात करून एक तुकडा बनवतं. मग लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम ते तुकडे सांधतं. आमच्याकडच्या सिद्दी बायका जुन्या कापडाचे तुकडे जोडून कवंदी शिवतात ना, मला तीच आठवली. 1968 साली हा शोध प्रसिद्ध झाला.

ज्या किरणोत्सर्गाने लहानपणी गाठलं, त्याचीच चिमूटभर खूण वापरून त्यांनी जिवंत पेशीचं गुपित उलगडलं. पण त्याने त्यांना सोडलं नाही. 1975 साली रक्ताच्या कॅन्सरने ते गेले, वय फक्त 44. मागे दोन मुलं आणि अर्धवट राहिलेलं काम. त्सुनेकोबाईंनी ते काम हातात घेतलं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्याशा टोकापासून होते, हे त्यांनी पुढे दाखवून दिलं.

2 नोव्हेंबरला आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मिस्सा असते. यंदा आमच्या घरातल्या नावांबरोबर मी मनात आणखी एक नाव घेतलं. दोन मार्कांचं ते नाव आता मला एका माणसाचं वाटतं.